दोनशे सहा की दोनशे आठ

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या खणात, निळ्या झाकणाच्या डबीत जुन्या सीरमच्या नऊ नळ्या होत्या. त्यातल्या सहा रिकाम्या होत्या. त्या का जपून ठेवल्यात, हे कोणालाच सांगता आलं नाही. सातव्या नळीत पांढरा पापुद्रा होता, पण तो सीरमचा नव्हता, झाकणातून शिरलेल्या ओलाव्याचा बर्फ होता. उरलेल्या दोन नळ्यांत मिळून एकशे चाळीस मायक्रोलिटर सीरम होतं, म्हणजे साधारण तीन थेंब. एका प्रयोगाला दोन मायक्रोलिटर लागायचे. आठवड्याला चार प्रयोग धरले तर साडेसतरा आठवडे.

ज्या सशाच्या रक्तातून ते अँटिबॉडीवालं सीरम काढलं होतं तो सात वर्षांपूर्वीच गेला होता. त्यामुळे सीरम संपायच्या आत त्याच कामाची नवी अँटिबॉडी बाहेरून मागवायची आणि ती जुन्यासारखीच चालते हे दाखवायचं, असं ठरलं होतं. हे काम माझ्याकडे आलं. मी लॅबमध्ये नवी होते, आणि काम सोपं आहे असं सगळ्यांचं मत होतं.

ते काम काय होतं हे सांगते. आमचं प्रथिन म्हणजे चारशे बारा अमिनो आम्लांची एक माळ. तिच्यात दोनशे सहाव्या जागी सिरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. दोनशे आठव्या जागीही सिरीनच आहे. दोघांच्या मध्ये दुसरंच एक, प्रोलीन. पेशीला दोन तास उपाशी ठेवलं की ती या प्रथिनावर एक फॉस्फेट टांगते. फॉस्फेट सिरीनवर टांगता येतं. आमच्या लॅबनं अकरा वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं की ते दोनशे सहावर टांगलं जातं. जुनं सीरम नेमकं हेच ओळखायचं. उपाशी पेशींचं प्रथिन मेम्ब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर घेतलं, त्यावर सीरम घातलं, की काळा पट्टा दिसायचा. पोट भरलेल्या पेशींत काही दिसायचं नाही. या एका पट्ट्यावर नऊ पेपर लिहिले गेले होते.

नव्या अँटिबॉडीनं उपाशी पेशींतही काही दिसत नव्हतं. चौदा वेळा करून झालं होतं.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. त्या खुर्चीत टेकून कधी बसत नाहीत, त्यामुळे समोरच्यालाही टेकता येत नाही.

"शुक्रवारी तुझ्या कराराचे सहा महिने संपतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"पीएचडीची एक जागा आहे. ती तुला द्यावी असं माझ्या मनात होतं. पण चौदा वेळा करून एक पट्टा येत नाही, म्हणजे काय समजायचं मी?"

"मॅडम, अँटिबॉडीच बरोबर नसेल तर?"

"मी कंपनीला विचारलं. त्यांनी पाच ठिकाणी पाठवली आहे, कुठूनच तक्रार नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून काहीतरी स्पष्ट हवंय मला. पट्टा दाखव, किंवा का येत नाही ते दाखव. 'मॅडम, माहीत नाही' हे उत्तर मला चालणार नाही. नाहीतर ज्याचे हात चांगले आहेत असं माणूस मला बघावं लागेल."

हात. आमच्याकडे ही एकच शिवी आहे.

बाहेर आले तर इस्त्री आपल्या बाकावर जेल भरत होता. इस्त्री म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना पीएचडीवाला. त्याच्या शर्टावर घडी दिसते आणि त्याच्या पट्ट्यांवर दिसत नाही, म्हणून हे नाव. जुन्या सीरमची किल्लीही त्याच्याकडेच. म्हणजे खरी किल्ली नव्हे, पण त्याला विचारल्याशिवाय ती डबी कोणी उघडत नसे.

"काय म्हणाल्या?" त्यानं वर न बघता विचारलं.

"शुक्रवार."

"हं." पिपेटचं टोक त्यानं बरोबर खाचेत नेलं. "वशिल्यानं नोकरी लागते गं. पट्टा नाही येत."

हे मला ऐकावं लागणारच होतं. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पेप्टाइडं बनवणारे तंत्रज्ञ म्हणजे माझे सख्खे मामा. जागा निघाल्याचं मला त्यांनीच सांगितलं होतं, इतकाच वशिला. पण मी आल्यावर महिनाभरात अख्ख्या मजल्यानं त्यांना 'मामा' म्हणायला सुरुवात केली. त्याआधी त्यांना लोक 'पेप्टाइडवाले' म्हणायचे. आता मॅडमसुद्धा फोनवर "मामा, जरा खाली येता का" म्हणायच्या, आणि मग माझ्याकडे बघून घसा खाकरायच्या. मी घरी मामाला अरे-तुरे करते. इमारतीत 'तुम्ही' म्हणायचं असं आमचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

मंगळवारी मी पहिल्यापासून विचार करायचं ठरवलं. अँटिबॉडी खराब असेल तर ती कशावरच बसणार नाही. कंपनीनं बाटलीसोबत एक नमुना पेप्टाइड पाठवलं होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. हा दोनशे एक ते दोनशे तेरापर्यंतचा, तेरा अमिनो आम्लांचा, दोनशे सहावर फॉस्फेट टांगलेला. त्याचा एक ठिपका मेम्ब्रेनवर टाकायचा. शेजारी उपाशी पेशींच्या अर्काचा ठिपका. शेजारी पोट भरलेल्या पेशींचा. असे दोन सेट. एकावर नवी अँटिबॉडी, दुसऱ्यावर जुनं सीरम. यात पट्ट्यासारखं प्रथिनं विजेनं जेलमधून ओढायचं काम नाही, म्हणजे हाताचं कौशल्य असं काहीच नाही. ठिपके कोणीही टाकू शकतो.

मात्र त्यासाठी जुनं सीरम हवं होतं.

"दोन मायक्रो?" इस्त्री म्हणाला. "रक्त माग, देतो."

"एक दे."

"कशाला पण? जुनं चालतंय हे सगळ्यांना माहितेय."

"कंपनीच्या पेप्टाइडवर चालतं का, ते कुठे माहितेय?"

तो थांबला. इस्त्रीची एक गोष्ट चांगली आहे. प्रश्न बरोबर असेल तर तो लगेच कपाळाला आठ्या घालतो. त्यानं स्वतः डबी काढली, स्वतः एक मायक्रोलिटर मोजलं आणि नळीवर तारीख टाकून माझी सही घेतली.

चार वाजता निकाल आला. नव्या अँटिबॉडीखाली कंपनीचा ठिपका कोळशासारखा काळा होता आणि पेशींचे दोन्ही ठिपके कोरे. जुन्या सीरमखाली उपाशी पेशींचा ठिपका काळा, पोट भरलेल्यांचा कोरा. आणि कंपनीचाही कोरा.

मी इस्त्रीला बोलावलं. त्यानं मेम्ब्रेन उजेडात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"दोन्ही चालतात," तो म्हणाला.

"हो."

"पण एकाच गोष्टीवर चालत नाहीत."

"हो."

"मग कंपनीनं पेप्टाइड चुकीचं पाठवलंय," असं म्हणून तो आपल्या बाकाकडे गेला. पण बसला नाही, उभाच राहिला.

कंपनीचं चुकलं असेल तर ते शोधता येत होतं. तळघरात वजन करणारं मोठं यंत्र आहे. त्यात पेप्टाइड घातलं की त्याचं वजन डाल्टन या एककात दोन दशांश स्थळांपर्यंत मिळतं. फॉस्फेटचं वजन ठरलेलं असतं, ऐंशीला किंचित कमी. या पेप्टाइडचं कोरं, म्हणजे फॉस्फेटशिवायचं, वजन १३९९.७९. एक फॉस्फेट असेल तर १४७९.७६. पण इथे एक अडचण आहे, आणि पुढचं सगळं त्याच अडचणीचं आहे. फॉस्फेट दोनशे सहावर असो की दोनशे आठवर, एकूण वजन तेच भरतं. जागा कळायची तर पेप्टाइड त्या दोन सिरीनांच्या मध्येच तोडावं लागतं, आणि मग तुकडे वेगवेगळे तोलावे लागतात. यंत्राला ते येतं. वायूचे रेणू आपटवून ते पेप्टाइड तोडतं, आणि आमच्या नशिबानं प्रोलीनच्या अलीकडची जोडणी सगळ्यांत सहज तुटते. म्हणजे बरोबर दोनशे सहा आणि दोनशे सातच्या मध्ये. मागच्या तुकड्यात मग दोनशे सात ते दोनशे तेरा राहतात. त्या तुकड्याचं वजन ७५८.४२ आलं तर त्यावर फॉस्फेट नाही, म्हणजे ते पुढे दोनशे सहावर आहे. ८३८.३८ आलं तर फॉस्फेट त्या तुकड्यात, दोनशे आठवर आहे.

बुधवारी दुपारी यंत्रावरच्या ऑपरेटरनं मला जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं दिली. डबा खात खातच त्यानं नमुना लावला. कंपनीच्या पेप्टाइडचा मागचा तुकडा ७५८.४२ आला. म्हणजे फॉस्फेट दोनशे सहावर. कंपनीनं जे लिहिलं तेच पाठवलं होतं.

मी जिन्यावर बसले. नवी अँटिबॉडी बरोबर. तिचं पेप्टाइड बरोबर. माझे ठिपके बरोबर. मग जुनं सीरम दोनशे सहाच्या फॉस्फेटवर का बसत नाही? आणि नऊ पेपरांत ते दोनशे सहाचं म्हणून का लिहिलंय?

पहिला पेपर मी तिथेच, फोनवर, परत वाचला. जुनं सीरम दोनशे सहाचंच आहे याचा पुरावा त्यात दिला होता. त्यांनी प्रथिनातलं दोनशे सहावं सिरीन काढून त्या जागी फॉस्फेट न धरणारं अमिनो आम्ल बसवलं होतं, आणि पट्टा नाहीसा झाला होता. मला कॉलेजात हा पुरावा ठोस म्हणून शिकवला होता. पण अँटिबॉडी काही एका अमिनो आम्लावर बोट टेकवून उभी राहत नाही, ती आजूबाजूची सहा-सात मिळून धरते. शेजारी बदलला तरी तिची पकड सुटू शकते. दोनशे आठच्या फॉस्फेटवर बसणारी अँटिबॉडीही दोनशे सहा बदलल्यावर घसरली असती. पट्टा तसाच नाहीसा झाला असता आणि पुरावा तसाच ठोस दिसला असता. दोनशे आठ बदलून कोणी बघितलंच नव्हतं. पहिल्याच झटक्यात हवं ते उत्तर मिळाल्यावर कोण कशाला बघेल.

जुनं सीरम काय ओळखतं हे ठरतं ते सशाला काय टोचलं होतं त्यावरून. सशाला टोचलेलं पेप्टाइड अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर बनलं होतं.

बुधवारी मामा आमच्याकडे जेवायला असतो. तो वरच्या मजल्यावर एकटा राहतो, आणि स्वयंपाक येत असूनही येत नाही असं सांगतो. आई चष्म्याच्या दुकानात काचा तपासायचं काम करते. त्यामुळे जेवायला बसताना ती आधी सगळ्यांचे चष्मे पुसून देते, मग वाढते.

"काय गं ठमाबाई," मामा म्हणाला, "शुक्रवारचं काय?"

"चाललंय."

"मी बोलू का मॅडमशी? अजून एक महिना द्या म्हणावं."

"अजिबात नको."

"अगं, तुझे हात माझ्यावर गेलेत. ते चुकत नाहीत. अकरा वर्षांत माझं एक पेप्टाइड परत आलेलं नाही. विचार कुणालाही."

आईनं भाताचा चमचा माझ्या ताटावर तसाच धरला. "ही तुझ्याकडे बघत का नाहीये?" तिनं मामाला विचारलं. "आल्यापासून बघतेय मी. मीठ मागितलं तेही भिंतीकडे बघून."

मला यातून सुटायला जागाच राहिली नाही. "मामा, सशाला टोचलं होतं त्या पेप्टाइडचं काही उरलंय का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे सगळं उरलेलं असतं. का?"

"तोडून बघायचंय."

मामाला दुसरं वाक्य लागलं नाही. त्यानं घास ताटात परत ठेवला. "त्याचं वजन केलंय मी," तो म्हणाला. "चौदाशे एकोणऐंशी पूर्णांक शहात्तर. पाठ आहे मला."

"वजन बरोबरच असणार."

"मग?"

"बरोबर असेल तर झालं की," आई म्हणाली. "उगाच कशाला तोडताय?"

मी तिला दोनशे सहा आणि दोनशे आठचं सांगितलं. पेशी, ससा, सीरम सगळं वगळून फक्त एवढंच सांगितलं, की दोन जागा जवळजवळ आहेत आणि एक गोष्ट त्यांतल्या एकीवर टांगायची आहे. आईला समजायला वेळ लागला नाही.

"हां. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली तरी चष्म्याचं वजन तेवढंच राहतं," ती म्हणाली. "आमच्याकडे होतं असं. गिऱ्हाईक चार दिवसांनी डोकं धरून येतं."

"ताई, तू जरा गप्प बस," मामा म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं? चष्म्याचं म्हटलं."

मामानं जेवण पुरतं संपवलं, ताट धुतलं, आणि वर गेला. दर बुधवारी तो जाताना दारातून काहीतरी टोमणा मारतो. त्या दिवशी मारला नाही.

गुरुवारी सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेले तेव्हा मामानं खोका आधीच काढून ठेवला होता. त्याची खोली मला लहानपणापासून माहीत आहे. एका भिंतीला काचेची हलणारी नळी, जिच्यात पेप्टाइड बनतं. दुसऱ्या भिंतीला अमिनो आम्लांच्या बाटल्या, प्रत्येकीवर एकेक अक्षर. आणि खिडकीखाली कार्डांचे खोके, सालवार.

"बस," तो म्हणाला. "विचार."

"तुम्ही बनवता कसं, ते पहिल्यापासून सांगा."

"तुला माहितेय."

"तरी सांगा."

त्यानं सांगितलं. पेप्टाइड लिहितात डावीकडून उजवीकडे, पण बनतं उलटं. शेवटचं अमिनो आम्ल आधी लागतं, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्यापर्यंत. म्हणून तो मागणीच्या फॉर्मवरचा क्रम कार्डावर उलटा उतरवून घेतो, तेरा चौकटी. मग कार्ड बघून तेरा कुप्या बाकावर ओळीनं मांडतो. पहिल्या कुपीत शेवटचं अमिनो आम्ल, दुसऱ्या कुपीत त्याच्या आधीचं. दिवसभर एकेक कुपी उचलायची आणि रिकामी झाली की आडवी ठेवायची.

"आणि फॉस्फेटवालं सिरीन?"

"ते शीतकपाटात असतं. ओलावा लागला की खराब होतं. ते सगळ्यात शेवटी काढायचं. सगळ्या कुप्या मांडून झाल्या की त्या जागची साध्या सिरीनची कुपी उचलायची आणि ही ठेवायची."

"कुठल्या जागची, हे कशावरून ठरवता?"

"फॉर्मवरून. मॅडमनी गोल केलेला असतो ना."

मामानं खोक्यातून फॉर्म काढला. कागद पिवळा पडला होता. तेरा अक्षरं, आणि सहाव्या अक्षराभोवती मॅडमच्या पेनानं केलेला गोल. त्याच्याखाली कार्ड, मामाच्या अक्षरात, तीच तेरा अक्षरं उलट्या क्रमानं. कार्डावर गोल नव्हता.

"कार्डावर गोल नाही करत?" मी विचारलं.

"आता करतो. आता मी फॉर्मच उलटा भरून घेतो सगळ्यांकडून, शिव्या खात खात. दुसऱ्या वर्षापासून." त्यानं कार्डाची तारीख बघितली. "हे पहिल्या वर्षाचं आहे. मी लागून तीन महिने झाले होते."

मोजायचं होतं ते त्यानंच मोजावं असं मला वाटलं.

त्यानं पेन्सिल घेतली. फॉर्मवर डावीकडून एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्यावर मॅडमचा गोल. सिरीन, दोनशे सहा. मग कार्ड. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्या चौकटीत सिरीनच होतं. पण कार्ड उलटं होतं. शेपटीकडून सहावं म्हणजे दोनशे आठ.

तेरा अक्षरं. बरोबर मधलं सातवं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सिरीन.

"फॉर्मवर बघितलं सहावं," मामा सावकाश म्हणाला, "आणि बाकावरची सहावी कुपी उचलली. असं म्हणायचंय तुला."

"असं झालं असेल."

"सहावं दुसरं काही असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. उचलायला गेलो आणि हातात सिरीनच्या जागी दुसरं काही आलं असतं तर थांबलोच असतो." त्यानं पेन्सिल कानामागे लावली, परत काढली. "सिरीनच आलं. मग कशाला थांबेन."

"तुम्ही सातव्या, म्हणजे मधल्या, कुपीपासून मोजलं असेल, किंवा कार्डावरून नीट बघितलं असेल. तसंही झालं असेल."

"आठवत नाही."

"कार्डावरून कळत नाही."

"नाही कळत." तो उठला आणि खोक्यातून एक छोटी कुपी काढून उजेडात धरली. तळाशी पांढरी पावडर, टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा जास्त. "वजनावरूनही कळत नाही. मी वजन करून बरोबर आलं म्हणून सही ठोकली. मूर्खासारखी."

"तेव्हा तोडणारं यंत्र नव्हतं इथे."

"माझी बाजू मांडू नकोस, ठमे. वकिलीण नाहीस तू." मग कुपी बाकावर ठेवत, "उद्या लावू. पण मॅडमना मी सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस."

"का?"

"तू सांगितलंस तर भाचीनं स्वतःचं खापर मामावर फोडलं म्हणतील."

"आणि तू सांगितलंस तर मामानं भाचीसाठी गळ्यात घेतलं म्हणतील." तोंडून 'तू' निघून गेलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं, पण कोणी दुरुस्त केलं नाही.

"म्हणतील ना. म्हणूनच तर यंत्र लावायचं," मामा म्हणाला. "यंत्राला भाची नाही."

शुक्रवारी अकरा वाजता तळघरात आम्ही पाच जण होतो. ऑपरेटर, मॅडम, मामा, मी आणि इस्त्री. इस्त्रीला कोणी बोलावलं नव्हतं. तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मामानं मॅडमना सकाळी नऊलाच सगळं सांगितलं होतं. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मॅडमच्या हातात तो पिवळा फॉर्म होता.

"गोल मीच केला होता," त्या मला म्हणाल्या. "आणि त्याच्याखाली आकडा लिहिला नव्हता. दोनशे सहा असं नुसतं लिहिलं असतं तरी पुरलं असतं."

मामा म्हणाला, "मॅडम, चूक असेल तर माझी आहे."

"असेल तर," मॅडम म्हणाल्या. "आधी असू दे." मग माझ्याकडे वळल्या. "नीट ऐक. मागचा तुकडा ७५८ आला, तर फॉस्फेट दोनशे सहावर आहे, आपलं जुनं काम बरोबर आहे, आणि तू मला अजूनही काहीच दाखवलेलं नाहीस. मग जागा मी दुसऱ्याला देणार. तुझ्या मामांसमोर सांगते, नंतर बोलाबोली नको."

"हो, मॅडम."

"८३८ आला, तर पेशी उपाशी असताना दोनशे सहावर काही टांगतच नाही, दोनशे आठवर टांगते. तुझा पट्टा येत नव्हता तो बरोबरच येत नव्हता. मग सोमवारी नोंदणी कर. आणि मला नऊ ठिकाणी पत्रं लिहायची आहेत, त्यांचे मसुदे तू कर, इंग्रजी तुझं बरं आहे." त्या इस्त्रीकडे न बघता म्हणाल्या, "त्यातली चार तुझ्या पेपरांची."

"मोजलीत मी," इस्त्री म्हणाला.

मामानं पावडर विरघळवली. ऑपरेटर म्हणाला मी करतो, पण मामानं करू दिलं नाही. पाण्यात थोडं आम्ल, त्यात पावडरचा कण, मग पातळ करायचं, शंभरपट, परत शंभरपट. त्याचा हात हलला नाही. मी मुद्दाम बघत होते. पिपेटचं टोक नळीच्या कडेला एकदाही लागलं नाही. नळीवर त्यानं पेप्टाइडचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि बनवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

ऑपरेटरनं नमुना लावला. आधी पूर्ण वजन. पडद्यावर एक रेघ उभी राहिली, १४७९.७६.

"पाठ होतं," मामा म्हणाला.

"आता तोडतो," ऑपरेटर म्हणाला. "जोर कमी ठेवू का? जास्त दिला तर फॉस्फेटच गळून पडतं."

"बावीस ठेव," मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही हे यंत्र कधी चालवलंय?"

"काल संध्याकाळी पुस्तक वाचलं."

ऑपरेटरनं बावीस ठेवलं. यंत्राचा पंखा जोरात फिरायला लागला. पडद्यावर खाली बारीक बारीक रेघा उगवायला लागल्या, गवतासारख्या. यंत्र एकावर एक वाचनं घेऊन त्यांची बेरीज करतं, तसतसं खरे तुकडे वर येतात आणि गवत खालीच राहतं. साठ वाचनं घ्यायची होती. मॅडम पहिल्यांदाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. इस्त्री दारातून दोन पावलं आत आला होता. मामा पडद्याकडे बघत नव्हता, हातातल्या रिकाम्या कुपीचं झाकण लावत होता, काढत होता. मी मोजत होते. चाळीस. पन्नास. साठ.

ऑपरेटरनं खूण मागच्या तुकड्याच्या रेघेवर नेली आणि आकडा वाचला.

८३८.३८.